सोपारा ते महाड : आपल्या मुलखातील मन ओळखण्याची परंपरा

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तिच्यासाठी काही ऐतिहासिक लिहा, असे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सांगितले. जागा कशी मिळाली, वर्गणी कोणी दिली, मूर्ती कुठून आणली, हा इतिहास जाणती मंडळी लिहितीलच. आम्ही वेगळा विषय घेतला आहे. त्रिशरण-पंचशील झाल्यावर विहारात आपण दहा-पंधरा मिनिटे डोळे मिटून, श्वासाकडे लक्ष देऊन बसतो. त्यावरून वस्तीत दोन बाजूंनी बोलणे होते. आयाबाया म्हणतात, "बसल्यावर डोकं हलकं होतं, पण ते का होतं हे कुणी सांगत नाही." तरुण पोरे म्हणतात, "डोळे मिटून बसल्यानं पोट भरतं काय? बाबासाहेबांनी संघर्ष करायला सांगितलं."

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आणि दोघांचे उत्तर लांब कुठे शोधायला नको. आपल्या कोकणपट्टीच्या इतिहासातच ते आहे. सोपारा, कोंढाणे आणि महाड ही तीन ठिकाणे एका माळेत ओवली की उत्तर आपोआप समोर येते. तेवढेच काम आम्ही इथे करणार आहोत.

वेदना म्हणजे नुसते दुखणे नव्हे

आधी भगवान बुद्धांनी शरीर आणि मन यांच्याविषयी काय सांगितले ते पाहू. कुरु देशातील कम्मासदम्म नावाच्या गावी त्यांनी भिक्खूंना जो उपदेश केला, तो सतिपट्ठान सुत्त म्हणून प्रसिद्ध आहे. सति म्हणजे स्मृती, जागेपण. हे जागेपण चार ठिकाणी ठेवायचे : काया, वेदना, चित्त आणि धम्म. यात पहिला नंबर कायेचा लागतो. मनाचे दुखणे बरे करायला निघालेला हा महावैद्य सुरुवात शरीरापासून करतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. श्वास आत येतो, बाहेर जातो. आपण उभे आहोत, चालतो आहोत, बसलो आहोत, आडवे झालो आहोत. जे चालले आहे ते ओळखायचे, एवढाच अभ्यास.

तो समजावून देताना तथागतांनी दाखला दिला तो कातारी माणसाचा. लाकूड कातणारा कुशल कारागीर दोरी लांब ओढली तर लांब ओढली हे जाणतो, आखूड ओढली तर आखूड ओढली हे जाणतो. तसे श्वासाचे जाणावे. लेथवर काम करणाऱ्या आपल्या कोणाही टर्नरला हे लगेच पटेल. हात कामावर, लक्ष हातावर. दुसरा दाखला धान्याच्या पिशवीचा. दोन्हीकडून तोंड असलेली पिशवी सोडावी आणि डोळस माणसाने बघून सांगावे की ही साळ, हा मूग, हा उडीद, हे तीळ, हे तांदूळ. तसे आपल्याच शरीरात काय काय भरले आहे ते वेगळे करून पाहावे. राजेरजवाड्यांचे दाखले न देता कारागीर आणि शेतकरी यांच्या रोजच्या कामातले दाखले दिले, यावरून हा उपदेश कोणाला कळावा म्हणून होता ते दिसते.

आता वेदना हा शब्द. मराठीत वेदना म्हणजे दुखणे. पालीत तसे नाही. पालीत वेदना तीन प्रकारची : सुखद, दुःखद आणि सुखदही नाही, दुःखदही नाही अशी. डोळा, कान, नाक, जीभ, काया आणि मन या सहा दारांतून काहीही आत आले की त्याचा स्पर्श होतो. स्पर्श झाला की वेदना उठते. वेदना उठली की तृष्णा येते. म्हणजे 'हे मला पाहिजे', नाहीतर 'हे मला नको'. तिथून पुढे चिकटणे आणि दुःख. ही प्रतीत्यसमुत्पादाची साखळी आहे. हिच्यात स्पर्श आपल्या हातात नसतो. कोणी शिवी दिली तर कान बंद करता येत नाहीत. शिवी ऐकून पोटात कालवाकालव होते, तीही आपल्या हातात नसते. पण ती कालवाकालव आणि त्यानंतर तोंडातून निघणारा शब्द किंवा उठणारा हात, यांच्यामध्ये थोडी जागा असते. ती जागा दिसली तर साखळी तिथे तोडता येते. न दिसली तर माणूस साखळीबरोबर फरफटत जातो.

यालाच धरून तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला. अज्ञानी माणसाला एक बाण लागतो आणि लगेच दुसराही लागतो. पहिला शरीराच्या दुःखाचा, दुसरा त्यावर शोक आणि आकांत करून स्वतःच ओढवून घेतलेला. जाणत्या माणसाला पहिला बाण लागतोच, दुसरा लागत नाही.

गिरणीतला दाखला द्यायचा तर, साच्यावर ताण्याचा एखादा धागा तुटतो. धागा तुटणे विणकराच्या हातात नाही. पण लक्ष असले तर तो साचा थांबवतो, गाठ मारतो, पुन्हा चालू करतो. लक्ष नसले तर वारभर कापडात खोट उतरते आणि मग ती कोणाला काढता येत नाही. रागाचे, चिंतेचे तसेच आहे. तुटलेला धागा वेळेवर दिसणे, हेच जागेपण.

सोपाऱ्याचे दोघे

हा उपदेश तिकडे मगध-कोसलात झाला, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो खुद्द बुद्धकाळापासून आहे. वसईजवळचे आजचे नालासोपारा म्हणजे जुने सुप्पारक, शूर्पारक. अपरान्त म्हणजे कोकणपट्टीचे ते मोठे बंदर. पाली ग्रंथांत इथल्या दोन माणसांची कथा आहे, आणि दोन्ही कथा मनाविषयीच आहेत.

पहिला बाहिय दारुचीरिय. हा समुद्रकाठी सुप्पारकाला राहात होता. झाडाची साल नेसायचा म्हणून दारुचीरिय. लोक त्याला मोठा साधू म्हणून मान देत. पण आपण खरोखर मुक्त झालो आहोत काय, ही शंका त्याला उभी राहिली आणि तो श्रावस्तीपर्यंत चालत गेला. भगवान भिक्षेसाठी निघाले होते. 'आत्ता वेळ नाही' असे दोनदा सांगूनही तो हटेना, तेव्हा रस्त्यातच त्यांनी त्याला थोडक्यात सांगितले. त्याचा मथितार्थ असा, की डोळ्याने पाहिले तर पाहण्यावर थांब, कानाने ऐकले तर ऐकण्यावर थांब, त्यावर आपली गोष्ट रचू नकोस. आपल्या रोजच्या जगण्यात आणून पाहा. शेजारीण बोलली नाही, एवढेच घडलेले असते. 'ती आपल्याला कमी लेखते, पहिल्यापासून तिचं असंच आहे' ही मनाने रचलेली गोष्ट. झोप जाते ती गोष्टीपायी. बाहिय थोड्याच वेळात गाईने मारल्यामुळे मरण पावला, पण त्याला ते पटले होते. शीघ्र समजणाऱ्या शिष्यांत भगवंतांनी त्याला पहिला मान दिला.

दुसरा पुण्ण, म्हणजे पूर्ण. त्याने सुनापरान्तात जाऊन राहण्याचे ठरवले. हा सुनापरान्त म्हणजे आपलाच सोपाऱ्याकडचा मुलूख, असे अनेक अभ्यासक मानतात. भगवान म्हणाले, तिथली माणसे तापट आणि कठोर आहेत, तुला शिव्या देतील, तेव्हा तू काय करशील? पूर्ण म्हणाला, मी समजेन की ही माणसे भली आहेत, हाताने तर मारत नाहीत. हाताने मारले तर? ढेकळाने मारत नाहीत. ढेकळाने मारले तर? काठीने मारत नाहीत. असे शस्त्रापर्यंत आणि जिवापर्यंत प्रश्न गेले आणि पूर्णाचे चित्त ढळले नाही. तेव्हा भगवंतांनी त्याला जायला संमती दिली. सुत्तात म्हटले आहे की त्या पहिल्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका तयार केल्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पूर्णाची गोष्ट 'मार खा आणि गप्प बस' अशी नाही. तो काम घेऊन निघाला होता आणि ते त्याने पुरे केले. शिवी ऐकून जर त्याचे मन पेटले असते तर काम तिथेच संपले असते, आणि शिवी देणाऱ्याचा हेतू सफल झाला असता. आपल्या मनाची किल्ली त्याने दुसऱ्याच्या हातात दिली नाही. पुढे महाडला हेच कसे उपयोगी पडले ते आपण पाहणार आहोत.

कोंढाण्याचा बालक

सम्राट अशोकाच्या काळात, इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात, अपरान्तात धम्मप्रसारासाठी योन धम्मरक्खित नावाचे भिक्खू आले, असे सिंहली महावंसात नमूद आहे. योन म्हणजे ग्रीक वंशाचे. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले. तिथला स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली खणून काढला.

सोपारा आणि कल्याण या बंदरांतून माल घाटावर जायचा. त्या वाटा आपल्या दाराशीच आहेत. आपले कळंब नेरळ-मुरबाड रस्त्यावरचे. मुरबाडवरून पुढे गेले की नाणेघाट, इकडे कर्जत-खोपोलीवरून बोरघाट. या वाटांच्या आसऱ्याने लेणी कोरली गेली. त्यांतले आपल्या तालुक्यातले नाव घेण्यासारखे लेणे कोंढाण्याचे. कोंदिवड्यावरून पुढे, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात. साधारण इ. स. पूर्व पहिल्या शतकातले. चैत्यगृह आहे, विहार आहे. तिथे एका भंगलेल्या मूर्तीच्या डोक्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ, हे काम कण्हाचा अंतेवासी बालक याने केले. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. राजाचे नाव नाही, सावकाराचे नाव नाही. एका शिकाऊ माणसाने आपल्या गुरूचे आणि आपले नाव दगडात ठेवले आहे. आम्ही कामगार माणसे, आम्हाला त्या ओळीचा अभिमान वाटतो.

विहाराच्या खोल्या पाहिल्या म्हणजे आणखी एक गोष्ट लक्षात येते. एका माणसाला बसता-निजता येईल एवढीच जागा. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावास. आपल्याकडचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. नदी-नाले भरले की हलायची सोय नाही. अशा वेळी त्या खोलीत भिक्खू काय करत असेल? सुत्ते पाठ करणे आणि कायेकडे, चित्ताकडे बघणे. मग पाऊस सरला की वाटेला लागून लोकांमध्ये जायचे. बसणे आणि चालणे, दोन्ही एकाच आयुष्यात. बसणे म्हणजे लोकांकडे पाठ फिरवणे, अशी त्यांची रीत नव्हती. तसे असते तर लेणी रहदारीच्या वाटेजवळ न कोरता लांब रानात कोरली असती.

महाडचे पाणी

काळाच्या ओघात भिक्खुसंघ गेला, लेणी ओस पडली. ज्यांचा धम्म गेला ती माणसे गावकुसाबाहेर राहिली. आता एकदम 1927 सालात येऊ, आपल्याच जिल्ह्यात. रायगड जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत, हे नाव 1981 साली बदलले.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा रावबहादूर बोले यांचा ठराव 1923 साली मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला आणि महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे शिस्तीने तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत अशी खोटी आवई उठली. काठ्या घेऊन जमाव आला. मंडपात जेवत असलेल्या, गावाकडे परत निघालेल्या आपल्या माणसांना मारहाण झाली. डोकी फुटली.

आता विचार करा. आपल्या लोकांत पलटणीत नोकरी केलेली माणसे होती. संख्या होती, जोर होता. भाऊबंदांचे रक्त डोळ्यांसमोर होते. छातीत धडधड, मुठी आवळलेल्या, डोळ्यांत आग. ही झाली वेदना, आणि ती खरी होती. शेकडो जण उलट वार करायला तयार होते, बाबासाहेबांच्या तोंडून एक शब्द निघण्याचा अवकाश होता. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. हात उचलू नका म्हणून सांगितले, आणि लोकांनी ते ऐकले.

त्या दिवशी दंगल पेटली असती तर चवदार तळ्याचा प्रश्न बाजूला पडून दंगलीचाच खटला उभा राहिला असता. घडले ते वेगळे. हल्लेखोरांवर खटले होऊन काहींना सक्तमजुरीची शिक्षा झाली. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जायला कोर्टाने मनाई केलेली होती आणि लोक तुरुंगात जायच्या तयारीने आलेले होते. तेव्हाही बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढे ढकलून लढाई कोर्टात नेली. दहा वर्षे ती चालली आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

सोपाऱ्याच्या पूर्णाची आठवण इथे होते. महाडला जमलेले लोक तेव्हा बौद्ध नव्हते, धर्मांतर पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला झाले. विपश्यनेच्या शिबिरात कोणी बसलेले नव्हते. तरीही वेदना आणि प्रतिक्रिया यांच्या मधली ती जागा त्यांना सापडली होती, कारण त्यांच्यापुढे जो नेता होता त्याला ती दिसत होती. राग गिळून टाकला असेही नाही. तो राग दहा वर्षे कामाला लावला. रागाच्या हातात आपण असणे आणि आपल्या हातात राग असणे, यांतला फरक महाडने दाखवला. "बसायचं का लढायचं" असे विचारणाऱ्या पोरांना आमचे उत्तर हे आहे.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातही दोन्ही बाजू आहेत. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. मन हे सगळ्याच्या केंद्रस्थानी आहे, ही बुद्धाची शिकवण त्यांनी ठळकपणे मांडली. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी रोखठोक प्रश्नही विचारला, की भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस व्हायचा आहे की समाजाचा सेवक? नुसताच परिपूर्ण होऊन बसला तर त्याचा धम्मप्रसाराला उपयोग नाही, असा त्यांचा रोख होता. म्हणून जे ध्यान माणसाला शेजारच्या दुःखाबद्दल बहिरे करील ते आपल्या कामाचे नाही.

रंगूनमार्गे इगतपुरी

भारतातून गेलेली ही साधना ब्रह्मदेशात टिकली होती. तिथे लेडी सयाडो या विद्वान भिक्खूंनी ती गृहस्थांना खुली केली. त्यांच्या परंपरेतले सया थेटजी हे शेतकरी होते आणि त्यांचे शिष्य सयाजी ऊ बा खिन हे सरकारी हिशेबखात्यातले वरिष्ठ अधिकारी. बाबासाहेब 1954 च्या डिसेंबरात जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्याच रंगून शहरात 1955 साली मंडालेत जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका हे ऊ बा खिन यांच्याकडे शिबिराला बसले. निमित्त काय, तर अर्धशिशीचे भयंकर दुखणे. मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. शरीराचे दुखणे घेऊन गेले आणि मनाची वाट सापडली.

गोएंकाजी 1969 साली भारतात आले आणि त्यांचे पहिले शिबिर त्याच वर्षी जुलैत मुंबईत झाले. 1976 पासून इगतपुरीला धम्मगिरी सुरू झाली. पहिले तीन दिवस श्वास, मग डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरच्या संवेदना पाहणे, आवड-नावड न करता. 1994 साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात सुमारे हजार कैदी एकाच वेळी शिबिराला बसले. गोएंकाजी 2013 साली वारले. चळवळीतल्या सगळ्यांना त्यांची सगळी मते पटतात असे नाही, जातीच्या प्रश्नावर शिबिरात बोलले जात नाही ही तक्रार जुनी आहे आणि ती बिनबुडाची नाही. पण कायेपासून मनापर्यंत जाण्याची वाट पुन्हा आपल्या मातीत आली, हे मान्य करायला हरकत नसावी.

संप आणि मन

आमच्या आधीच्या पिढीने मुंबईच्या गिरण्यांत हाडे झिजवली. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. भोंगा बंद झाला. हजारो कुटुंबे गावाकडे परतली. त्या माणसांच्या घरांतून आम्ही वाढलो. पाळी नाही, पगार नाही, पहाटे सवयीने जाग येते आणि जायला जागा नाही. 'मी नालायक, घरात खायला काळ', असा विचार डोक्यात फिरू लागला की माणूस दारूकडे वळतो, नाहीतर बायकोपोरांवर हात टाकतो, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो.

अशा माणसाला 'विचार बदला म्हणजे सुखी व्हाल' असे सांगणे ही चेष्टा आहे. नोकरी जाणे हा पहिला बाण आणि तो बाहेरून आलेला आहे. तो काढायला युनियन लागते, कायदा लागतो, हक्काची लढाई लागते. पण 'मी नालायक' हा दुसरा बाण. तो आतून लागतो, आणि तो लागलेला माणूस युनियनच्या मीटिंगलाही जात नाही. म्हणून दुसरा बाण ओळखणे हे पहिल्या बाणाविरुद्ध लढण्याच्या तयारीचाच भाग आहे. गिरणी बंद पडणे आणि माणूस निकामी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे ज्याला दिसले तो पुन्हा उभा राहिला. असे उभे राहिलेले आपल्याकडे पुष्कळ आहेत.

डॉक्टर मंडळी काय सांगतात

आजचे शास्त्र याबाबत काय म्हणते तेही पाहू. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1884 साली एक विचार मांडला. आपण म्हणतो, भीती वाटली म्हणून छाती धडधडली. ते म्हणाले, आधी छाती धडधडते आणि ती जाणवली म्हणजे तिलाच आपण भीती म्हणतो. पुढच्या शास्त्रज्ञांनी त्यात सुधारणा केल्या, पण भावना शरीरात घडते हे आता सर्वमान्य आहे. राग आला की अ‍ॅड्रिनलिन रक्तात येते, नाडी वाढते, श्वास उथळ होतो, स्नायू ताठ होतात. श्वास सावकाश सोडला की व्हेगस नावाची मज्जातंतूची नाडी हृदयाचा वेग कमी करते. आयाबायांच्या 'डोकं हलकं होतं' याचे कारण हे. त्यात चमत्कार काही नाही.

विचारांच्या बाजूने डॉ. आरन बेक यांनी 1960 नंतरच्या दशकात काम केले. खिन्न रुग्णांच्या डोक्यात 'माझं काही खरं नाही' असे विचार आपोआप चालू असतात, ते पकडून त्यांना पुरावा मागायचा, असा हा उपचार. 1979 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांना जागेपणाचा अभ्यास शिकवायला सुरुवात केली. तो त्यांनी बौद्ध परंपरेतूनच घेतला होता. पुढे दोन्ही वाटा एकत्र आल्या. वारंवार खिन्नतेचा आजार होणाऱ्यांसाठी हा एकत्र उपचार वापरावा, अशी शिफारस इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसंस्थेने 2004 साली केली. कोंढाण्याच्या खोलीत जे चालत होते, ते आता परदेशातल्या इस्पितळांत शिकवले जाते.

पण एक इशारा. प्रत्येक दुखणे बसून जात नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जीव द्यावासा वाटतो, भलतेच आवाज ऐकू येतात, असे असेल तर डॉक्टरकडे गेलेच पाहिजे. अशा अवस्थेत लांबच्या शिबिराला बसल्याने काहींचा त्रास वाढतोही. गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. सरकारने ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस ही सेवा सुरू केली आहे. 14416 या नंबरावर फुकट बोलता येते, मराठीतही. भगताकडे कोंबडे नेण्याऐवजी हा नंबर फिरवावा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

शेवटी एवढेच

उपासक-उपासिकांनो, बाहियाने ऐकण्यावर थांबायला शिकले. पूर्णाने शिवीला आपले मन दिले नाही. कोंढाण्याच्या खोल्यांत बसणाऱ्यांनी बसणे आणि लोकांत जाणे यांचा मेळ घातला. महाडच्या माणसांनी उचललेला हात खाली घेतला आणि दहा वर्षांनी पाणी जिंकले. ही सगळी आपल्याच पट्टीतली माणसे. तेव्हा रविवारी विहारात बसाल तेव्हा श्वास कुठे चालला आहे ते बघा, खांदे ताठ आहेत का ते बघा, डोक्यात कोणती गोष्ट फिरते आहे ती बघा. दहा मिनिटे पुरेत. मग उठा आणि ग्रामसभेला जा, युनियनच्या सभेला जा, पोरांच्या शाळेत जा. घरात भांडण होण्याच्या क्षणी, साहेब अपमान करतो त्या क्षणी, तो तुटलेला धागा तुम्हाला वेळेवर दिसला, तर आपल्या विहाराची वर्गणी सार्थकी लागली असे आम्ही समजू.

नमो बुद्धाय! जयभीम!